कमी वजनाचं बाळ आणि तूप-साखर

प्रश्न : मी वेंगुर्ल्याची. मुलगा सातव्या महिन्यात झाला, पावणेदोन किलोचा. आता दुसरीत आहे, उंची बरी पण अंगानं किरकोळ. सासूबाई रोज तूप-साखर द्यायला सांगतात. देऊ का?

उत्तर : नको, ताई. सासूबाईंची माया खरी आहे, पण जन्मतः लहान असलेल्या मुलाचं वजन बालपणी झपाट्यानं वाढलं, तर पुढे मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका वाढतो. जन्माचं वजन आणि मोठेपणीचा हृदयविकार यांचा संबंध डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकात दाखवला. पोटात अन्न कमी पडलं की बाळाचं शरीर आधी मेंदूला जपतं. स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाट्याला कमी येतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९०च्या दशकात गावोगावच्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. आपली बाळं वजनाला कमी, पण अंगात चरबी त्या मानानं जास्त, असं त्यात दिसलं. म्हणूनच माझ्या दवाखान्यात चाळिशीतले किडकिडीत खलाशीही मधुमेह घेऊन येतात.

मुलाला बांगडा, तारली, अंडं, कुळथाची पिठी द्या. श्रावणात दूध आणि कडधान्यं. संध्याकाळी मोबाइल काढून घ्या, वाळूत धावू दे. वर्षातून एकदा उंची, वजन, रक्तदाब मोजा.

आणि स्वतःला दोष देऊ नका. पुन्हा दिवस राहण्याआधी मात्र तुमचं हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या.