लातूरमध्ये पहिल्यांदाच फायटर मासा घेतोय. निरोगी कसा ओळखायचा आणि घरी कसा आणायचा?

दुकानातल्या डब्यांमधून धडधाकट फायटर कसा निवडायचा आणि या उन्हात तो घरापर्यंत कसा न्यायचा, एवढंच तुम्ही विचारलंय. पाण्याचं विचारलं नाही, आणि आपल्याकडं फायटर म्हणजे बेट्टा जास्त करून पाण्यामुळंच जातो. म्हणून टाकी आधी भरा, मासा नंतर आणा.

१६ × १० × १० इंचाची टाकी घ्या, साधारण २५ लिटर पाणी बसतं. बरणी, फुलदाणी असलं काही नको. सोबत मंद चालणारा स्पंज फिल्टर, थर्मामीटर आणि झाकण हवं, कारण फायटर उडी मारतो. झाकण आणि पाणी यांच्यात दोन इंच हवा सोडा; हा मासा वर येऊन तोंडानं हवा घेतो. त्यामुळंच लाईट गेली आणि पंप बंद पडला तरी त्याचं फारसं बिघडत नाही.

आता पाणी. आपल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, हजाराच्या पुढं असतो. जारवाल्याकडं मीटर असतं, मोजून घ्या. हजाराच्या आसपास निघाला तर एक भाग बोअर आणि दोन भाग आरओ असं मिसळा, साडेतीनशे-चारशेवर येईल. नुसतं आरओ वापरू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि पीएच एकदम घसरू शकतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होऊ शकतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जायला ते पसरट बादलीत २४ तास उघडं ठेवा. टँकरच्या पाण्यात मात्र ब्लीचिंग किती पडलंय याचा भरवसा नसतो, तिथं अँटीक्लोरिनचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात टाकाच. आणि तुरटी फिरवलेलं पाणी बिलकुल नको. तुरटीतलं अॅल्युमिनियम माशाच्या कल्ल्यांना बाधतं.

दुकानात गेल्यावर रंगाकडं शेवटी बघा. आधी लॉट कधी आला ते विचारा. प्रवासानं थकलेला मासा दुखणं दोन-तीन दिवसांनी दाखवतो, म्हणून चार-पाच दिवस दुकानात टिकलेला घेतलेला बरा. डब्यातलं पाणी निळं दिसलं तर ते औषध आहे. त्यात अंगावरचे डाग लपतात, तेव्हा स्वच्छ पाण्यात काढून दाखवायला सांगा.

मग डब्याशेजारी बोट न्या. चांगला मासा वळून बघतो, बोटामागं येतो, कधी कल्ले फुलवून अंगावर येतो. पंख चिकटवून कोपऱ्यात पडलेला नको. थंडीत मात्र गार पाण्यानंही मासा सुस्तावतो, तेवढं ध्यानात ठेवा. नंतर वरून बघा: खवले अंगाला चपटे बसलेले हवेत. सीताफळाच्या डोळ्यांसारखे उठलेले दिसले आणि पोट फुगलेलं असलं, तर ते जलोदराचं लक्षण. असा मासा सहसा वाचत नाही. मोबाईलची टॉर्च तिरपी मारा. अंगावर हळद भुरभुरल्यासारखी सोनेरी झाक असेल तर व्हेल्व्हेट, रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील तर इच. दोन्ही पसरणारे रोग आहेत. दोन्हीकडचे कल्ले सारखे मिटतात का, डोळ्यांवर साय आहे का, डोक्यामागं पोट खपाटीला गेलंय का, तेही बघा. पंख साधा फाटलेला असेल तर भरून येतो, पण कडा काळसर किंवा पांढरट होऊन झिजत चाललेली असेल तर सोडून द्या. क्राऊनटेल या प्रकारच्या फायटरचे पंख मुळातच काटेरी असतात, त्याला रोग समजू नका. शेवटी दोन दाणे टाकायला सांगा. खाल्ले तरच पैसे द्या.

माझं मत विचाराल तर पहिला मासा आखूड पंखांचा प्लाकाट घ्या. लांब झालरीवाले देखणे दिसतात, पण स्वतःच्याच पंखांच्या ओझ्यानं दमतात आणि पंख कुरतडतात. दुकानदार जोडी गळ्यात मारायला बघेल, ती घेऊ नका. एका टाकीत एकच फायटर.

उन्हाळ्यात खरेदी संध्याकाळी करा. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा असू द्या. पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत धरा. गाडीच्या डिक्कीत ठेवली तर पाणी उकळतं म्हणून समजा. घरी आल्यावर टाकीची लाईट बंद करून पिशवी २० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टाकीतलं पाणी पिशवीत घाला, असं ४० मिनिटं चालू द्या. दुकानातलं आणि आपलं पाणी क्षारांत वेगळं असतं, घाई केली की मासा धक्का खातो. शेवटी जाळीनं मासा तेवढा टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी फेकून द्या.

पहिल्या दिवशी खायला घालू नका. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दोन-तीन दाणे. कूलरच्या टाकीतल्या डासांच्या अळ्या त्याला फार आवडतात, पण त्या पाण्यात कुणी डासांचं औषध टाकलेलं असेल तर त्या चालणार नाहीत.

नव्या टाकीत घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर अमोनिया साठतो. म्हणून त्या काळात एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदला, पुढं आठवड्यातून एकदा. दर रविवारी टाकी रिकामी करून साबणानं घासण्याची सवय माशाच्या जिवावर बेतते. साबणाचा अंश राहतो आणि जिवाणू जातात. स्पंजसुद्धा टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा.

पाणी २५ ते २८ अंशांत ठेवा. मे महिन्यात टाकी कूलरच्या खोलीत, पण थेट झोतात न येईल अशी ठेवा. झाकण जाळीचं करून पाण्यावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. मात्र त्यानं पाणी आटतं आणि क्षार टाकीतच राहतात, त्यावर पुन्हा बोअरचं ओतलं की पाणी दिवसेंदिवस जड होत जातं. आटलेलं पाणी भरायला तेवढं आरओच घ्या. डिसेंबर-जानेवारीत २५ वॅटचा हीटर लागेलच.