विचारा, मी सांगते : अजिंठ्याहून लंकेला

प्रश्न : आम्ही चाळीसगाव तालुक्यातले. घरची कापसाची शेती, मी शाळेत शिकवते. मोठी मुलगी सातवीत, धाकटा तिसरीत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्यांनाही न्यायचे आहे. आठ दिवस श्रीलंकेला जाऊन जंगल आणि जुनी बौद्ध मंदिरे पाहायची आहेत. मुलाला बिबट्या हवा, मुलीला हत्ती, आणि सासूबाई म्हणतात, "माले ते सीतामायनी वाडी देखनी शे." कधी जावे? सगळ्यांचे मन राखता येईल का? आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत.

उत्तर : ताई, विमानाचे तिकीट काढण्याआधी एक रविवार अजिंठ्यासाठी काढा. मी जळगावच्या कॉलेजात इतिहास शिकवत होते. मुलांना घेऊन फर्दापूरची वाट इतकी तुडवली आहे की हे अगदी छातीवर हात ठेवून सांगते. लेणी क्रमांक 17 मध्ये सिंहलाची गोष्ट रंगवली आहे. व्यापाऱ्यांचे गलबत फुटते, बेटावरच्या राक्षसिणी त्यांना भुलवतात, सिंहल निसटतो, राजा होतो आणि पुढे फौज घेऊन त्याच बेटावर चालून जातो. होड्यांत उभे केलेले हत्ती मुलांना तिथे शोधायला लावा. त्याच्या नावावरून सिंहल म्हणतात ते बेट म्हणजेच लंका. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात ही भिंत रंगत होती. त्याच सुमारास तिकडे राजा काश्यप (477 ते 495) सिगिरियाच्या खडकावर महाल बांधत होता आणि खडकाच्या कुशीत स्त्रियांची चित्रे काढवून घेत होता. त्यांतली वीसेक आज शिल्लक आहेत. हातातले कमळ, अर्धवट मिटलेले डोळे, बोटांची वळणे पाहिलीत की मुलगीच म्हणेल, हे आपण पाहिले आहे. त्या चित्रांचे फोटो काढू देत नाहीत, हे फार चांगले आहे. माणूस नीट बघतो.

लेणी क्रमांक 26 मधला निजलेला बुद्धही पाहून ठेवा. तो साधारण 7 मीटर लांब आहे. लंकेतल्या पोलोन्नरुवाच्या गल विहारातला त्याच्या दुप्पट, 14 मीटर. बाराव्या शतकात राजा पहिल्या पराक्रमबाहूने एका सलग खडकात चार मूर्ती कोरवून घेतल्या, त्यांतली ही एक. तिच्यासमोर घाई करू नका. डोक्याखालच्या उशीला जिथे भार पडलाय तिथे दगडात खळगा दाखवला आहे, जणू उशी खरेच दबली आहे. पावले पाहा, वरच्या पायाची बोटे खालच्या पायापेक्षा किंचित मागे सरकलेली आहेत. ती झोप नाही, परिनिर्वाण म्हणजे बुद्धाचा अखेरचा देहत्याग आहे, हे शिल्पकाराने तेवढ्यावरून सांगितले. मी तिथे बराच वेळ नुसती बसून होते.

आता केव्हा जायचे ते. ऑगस्ट. निंदणी-कोळपणी आटोपलेली असते, वेचणीला अवकाश असतो. श्रावणातल्या कानबाईचे विसर्जन झाले की निघा. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे पावसाचा भरवसा नसतो, आणि हत्तींचा मोठा मेळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच भरतो. त्याचे कारण मुलीला समजावून सांगा, तिला लगेच कळेल. मिनेरिया हा राजा महासेनाने तिसऱ्या शतकात बांधलेला तलाव. तिकडच्या या कोरड्या दिवसांत पाणी मागे सरकते आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत उगवते. आपल्या गिरणा धरणाच्या गाळपेर जमिनीत जशी पेरणी होते, तशी तिथे निसर्गाची गाळपेर होते आणि आसपासच्या रानातले कळपच्या कळप त्यावर उतरतात. पण तलावात पाणी जास्त सोडलेले असेल तर हत्ती शेजारच्या कौडुल्ला उद्यानाकडे नाहीतर हुरुलुच्या रानाकडे वळतात. म्हणून उद्यानाचे नाव घरूनच पक्के करू नका. त्या दिवशी हत्ती कुठे आहेत ते जीपवाल्याला विचारा. दुपारी तीनच्या सुमारास निघा.

माझ्या नातवाने तिथे एका हत्तिणीवरून नजर काढली नाही. ती पुढच्या पायाच्या नखांनी गवत खरवडायची, सोंडेने जुडी उचलायची, गुडघ्यावर आपटून माती झाडायची आणि मगच तोंडात घालायची. पायांमधले पिल्लू तीच नक्कल करायचे, पण त्याच्या सोंडेत काहीच टिकायचे नाही. बहुतेक नरांनाही तिथे सुळे नसतात, हे मुलांना आधीच सांगा, म्हणजे हिरमोड होणार नाही.

मुलाचा बिबट्या जरा अवघड. सगळे 'याला' नावाच्या उद्यानाचाच जप करतात, पण ते पार दक्षिणेला, आणि एक बिबट्या दिसला की भोवती जीपांची रांग लागते. मला ते पाहवत नाही. तुमच्या वाटेवर विल्पट्टूचे उद्यान बसते. अनुराधापूरला एक मुक्काम करा आणि पहाटे तिकडे जा. लंकेत वाघ नाही, बिबट्याच सगळ्यांत मोठा शिकारी, त्यामुळे तो दिवसाउजेडीही बिनधास्त फिरतो. तरी दिसेलच असे मी म्हणणार नाही. दिसला नाही तर गौताळा अभयारण्यात आपलेही बिबटे आहेत, आणि तिथेच पितळखोऱ्याच्या लेण्यांत चौथऱ्यावर दगडी हत्तींची रांग आहे. तुम्हाला घरापासून जवळ.

मुक्काम सारखे बदलू नका. दांबुल्ला-हबरणा भागात चार रात्री एकाच ठिकाणी राहा. सकाळी मंदिर, दुपारी आराम, संध्याकाळी हत्ती. सिगिरियाच्या सुमारे बाराशे पायऱ्या सासूबाईंना चढवू नका. खालच्या पाण्याच्या बागा सपाटीवर आहेत, त्यांनी तिथे सावलीत बसावे. दांबुल्ल्याच्या गुंफामंदिराची चढण मात्र थांबत थांबत जमण्यासारखी आहे. पाच गुंफा, दीडशेच्या आसपास बुद्धमूर्ती, आणि छताच्या खडकाला चिकटून गेलेली रंगीत चित्रे. पहिल्या शतकात, इसवी सनापूर्वी, राजा वलगंबाने संकटकाळात तिथे आसरा घेतला होता आणि गादी परत मिळाल्यावर मंदिर उभारले, असे सांगतात. सकाळी लवकर जा. चपला काढाव्या लागतात, दुपारी फरशी पोळते. पायमोजे चालतात. पोलोन्नरुवात गाडी बहुतेक अवशेषांच्या जवळ जाते.

सीतामाईची वाडी, म्हणजे अशोकवाटिका मानतात ती जागा, नुवारा एलियाजवळ सीता एलियाला, ओढ्याकाठी. कँडीहून घाटाचा रस्ता, तीनेक तास धरा. गाव 1,800 मीटरच्या वर आहे, सासूबाईंचा स्वेटर विसरू नका. कँडीत राखी पौर्णिमेच्या आधीचे दहा दिवस साधारण पेराहेरा असतो, दंतधातूच्या म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या मंदिराची हत्तींची मिरवणूक. गर्दी अफाट आणि खोल्या महाग, पण जमले तर एक रात्र पाहाच.

जेवणाचे हाल होणार नाहीत. भात, परिप्पू म्हणजे मसुरीची आमटी, फणसाची, भेंडीची भाजी सगळीकडे मिळते. फक्त नारळाच्या चटणीत, पोळ संबोलात, सुक्या माशाची पूड घालतात. ती डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक वेळी विचारा. लसणाची चटणी आणि शेव बरोबर न्या.

ईटीए, म्हणजे लंकेत प्रवेशाची ऑनलाइन परवानगी, सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. पासपोर्ट कायम जवळ ठेवा, सार्क देशांच्या लोकांना मोठ्या स्थळांवर सवलतीचे तिकीट मिळते.

प्रश्न : भुसावळहून लिहितो. आई-वडिलांना अनुराधापूरचा बोधिवृक्ष दाखवायचा आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : भाऊ, ही फार मोलाची इच्छा आहे. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी नेली, तोच हा वृक्ष. तिचा भाऊ महेंद्र ज्या टेकडीवर राजा देवानंपिय तिस्साला भेटला, ते मिहिंतले तिथून जवळच आहे. 1950 साली बाबासाहेबही बौद्ध परिषदेसाठी लंकेला गेले होते, हे आईवडिलांना आवर्जून सांगा. पांढरे कपडे न्या, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथे तो अपमान समजतात. पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, भाविकांचा पूर लोटतो. वडीलधाऱ्यांना बसायला जागा हवी असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी जा. तिथल्या गरमीचे काही वाटणार नाही, तुम्ही भुसावळचे.

प्रश्न : मुलांना हत्तीवर बसवावे का? (धुळे)

उत्तर : नको. पाठीवर माणसे घेऊन दिवसभर फिरणारा हत्ती सुखात नसतो. त्यापेक्षा लंकेतल्या उडवलवेच्या हत्ती-संगोपन केंद्राला जा. तिथे आईपासून ताटातूट झालेली पिल्ले सांभाळतात आणि मोठी झाली की परत जंगलात सोडतात. दूध पाजताना लांबून बघता येते, हात लावू देत नाहीत. वेळा ठरलेल्या असतात, त्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या.