आयनांवर काम करायचंय, मग डॉक्टर व्हायचं की भौतिकशास्त्र घ्यायचं?

प्रश्न: मॅडम, मी विज्ञान शाखेत शिकते. पेशीच्या आत-बाहेर आयनांचं, म्हणजे विद्युतभारित कणांचं, प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे पेशीला स्वतःचं व्होल्टेज असतं आणि अन्नातून ऊर्जा मिळवतानाही विद्युतभारच कामाला येतो, हे वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही. जीवशास्त्राच्या सरांना विचारलं तर म्हणतात, हे भौतिकशास्त्र झालं. भौतिकशास्त्राचे सर म्हणतात, हे डॉक्टरांचं काम. घरच्यांचं मत आहे की गणित सोडून वैद्यकीय प्रवेशाच्या मागे लागावं. या विषयात करिअर होतं का? आणि गणित सोडू का?

उत्तर: गणित सोडू नकोस. बाकीचे निर्णय पुढे दोन-तीनदा बदलता येतात. सुटलेलं गणित पुन्हा धरणारे फार थोडे.

तुझ्या दोन्ही सरांचं थोडं थोडं बरोबर आहे. या विषयाला स्वतःचा असा विभाग नाही, म्हणून तो एकमेकांकडे ढकलला जातो. ज्यांनी तो उभा केला त्यांची पार्श्वभूमी बघ. पेशीतून ३ सोडियम आयन बाहेर टाकून २ पोटॅशियम आयन आत घेणारा पंप येन्स स्को यांनी १९५७ मध्ये दाखवला, खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करून. ते डॉक्टर होते आणि मुळात भूल देणारी औषधं काम कशी करतात हे शोधत होते. त्यांना नोबेल मिळालं १९९७ मध्ये, तेही रसायनशास्त्राचं. एकेका आयन चॅनलमधून, म्हणजे पेशीच्या पटलातल्या आयनांच्या दारातून, जाणारा प्रवाह मोजण्याची पॅच क्लॅम्प पद्धत १९७६ मध्ये एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी आणली. त्यातले नेहर भौतिकशास्त्राचे, साकमान वैद्यकशास्त्राचे. रॉडरिक मॅकिनन तर डॉक्टरी शिकून, रुग्ण तपासून, मग संशोधनाकडे वळले आणि १९९८ मध्ये पोटॅशियम चॅनलची रचना त्यांनी जगासमोर ठेवली. म्हणजे इथे यायला एकच रस्ता नाही. प्रश्न इतकाच, की दिवसभर कसलं काम करायला तुला आवडेल.

ते ठरवण्यासाठी एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण चयापचय आणि विद्युतभार यांची गाठ इतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसते. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. रक्तात साखर वाढली हे त्यांना कळतं कसं? ग्लुकोज पेशीत शिरतं, त्याचं ज्वलन होतं, एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू वाढतो. पेशीपटलावर एक पोटॅशियम चॅनल असतो, तो एटीपी वाढलं की बंद होतो. पोटॅशियम बाहेर जाणं थांबलं की पेशीच्या आतली ऋणता कमी होते. त्या बदललेल्या व्होल्टेजने कॅल्शियमचे चॅनल उघडतात. पेशीच्या आत मुक्त कॅल्शियम बाहेरच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं, त्यामुळे चॅनल उघडताच ते आत घुसतं आणि इन्सुलिनने भरलेल्या पिशव्या पटलाला चिकटून बाहेर रिकाम्या होतात. रसायनातली बातमी आधी विजेत बदलली आणि विजेतून पुन्हा रसायनात.

आता याचा रुग्णाशी संबंध. काही बाळांना पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो. त्यांतल्या बऱ्याच जणांमध्ये याच चॅनलच्या जनुकात दोष असतो, हे २००४ मध्ये समोर आलं. चॅनल बंदच होत नाही, म्हणून साखर असूनही इन्सुलिन सुटत नाही. सल्फोनिलयुरिया गटातल्या जुन्या गोळ्या नेमका तोच चॅनल बंद करतात. परिणामी यातल्या अनेक मुलांची इन्सुलिनची इंजेक्शनं सुटली आणि ती गोळ्यांवर आली. या कामात बालरोगतज्ज्ञ लागले, जनुकशास्त्राचे लोक लागले आणि चॅनलमधून किती प्रवाह जातो ते मोजणारेही लागले. हे वाचताना तुझं मन कुठे रेंगाळलं, बाळापाशी की चॅनलपाशी? मला विचारशील तर विषय निवडण्याची याहून चांगली कसोटी नाही.

बाळापाशी रेंगाळलं असेल तर घरच्यांचं ऐक, वैद्यकीय शिक्षण घे. मूत्रपिंडविकार, अंतःस्रावी ग्रंथी, अतिदक्षता, भूलशास्त्र या शाखांमध्ये डॉक्टर रोज आयनच सांभाळत असतात. फक्त ती अनेक वर्षांची वाट आहे आणि पहिली कित्येक वर्षं तुझ्या आवडीच्या विषयाला पुस्तकातली थोडीच पानं मिळतील. ते आधीच माहीत असलेलं बरं.

चॅनलपाशी रेंगाळलं असेल तर शरीरक्रियाशास्त्र, जैवरसायन किंवा जीवभौतिकी. पॅच क्लॅम्पचं काम म्हणजे साधारण एक मायक्रोमीटर टोकाची काचेची नळी सूक्ष्मदर्शकाखाली पेशीला हलकेच टेकवायची, तोंडाने किंचित हवा ओढायची आणि पटल घट्ट चिकटण्याची वाट बघायची. टेबल हलू नये म्हणून हवेच्या आधारावर ठेवलेलं, भोवती विजेचा गोंगाट अडवणारा जाळीचा पिंजरा. मोजायचा प्रवाह पिकोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या लाख कोटीव्या भागात. दिवस दिवस एकही पेशी साथ देत नाही. चिकाटी नसेल तर हे काम नको. मात्र मागणी आहे: नवं औषध हृदयातल्या हर्ग नावाच्या पोटॅशियम चॅनलला अडवतं का, हे औषध कंपन्यांना तपासावंच लागतं, कारण तो अडला तर हृदयाचा ठोका जीवघेणा बिघडू शकतो.

तिसरा रस्ता तुझ्या पत्रात नाही, पण मी तो हलका मानत नाही: वैद्यकीय प्रयोगशाळा, डायलिसिस, ईसीजी आणि ईईजी यांचे तंत्रज्ञ. रक्तातलं पोटॅशियम लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असतं, पेशींच्या आत १४० च्या घरात. त्यामुळे रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तर आतलं पोटॅशियम बाहेर येऊन अहवालातला आकडा खोटाच वाढतो. रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन घातलेल्या नळीतलं थोडं रक्त चुकून दुसऱ्या नळीत गेलं तर पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम पडलेलं दिसतं, कारण त्या नळीत पोटॅशियमचाच क्षार असतो आणि ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं. यंत्र मुकाट्याने आकडा छापतं. ‘हा आकडा या माणसाचा असूच शकत नाही’ असं म्हणून नमुना पुन्हा मागवणारा तंत्रज्ञ आयन समजलेला असतो.

एक सावधगिरी. शरीरातली वीज म्हटलं की अल्कलाइन पाणी, ऋण आयनांची कडी, ऊर्जा संतुलित करणाऱ्या पट्ट्या विकणारे लगेच हजर होतात. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात फुप्फुसं आणि मूत्रपिंडं राखतात. पाण्याच्या बाटलीने तो हलत नाही. ‘बायो-एनर्जी’ वगैरे नावाचा अभ्यासक्रम दिसला तर आधी त्यात जैवरसायन आणि भौतिकशास्त्र किती शिकवतात ते बघ. मायटोकाँड्रियाच्या आतल्या पटलावर प्रोटॉन ढकलून त्या व्होल्टेजवर एटीपी बनतं, ही पीटर मिचेल यांची १९६१ ची कल्पनाही सुरुवातीला अनेकांना पटली नव्हती. ती टिकली ती प्रयोगांवर, आणि १९७८ मध्ये तिला नोबेल मिळालं.

आता गणिताचं. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये मज्जातंतूतला विद्युत संदेश समीकरणांत बसवला, तेव्हा हक्सलींनी ती समीकरणं हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली होती. तुला एवढं करायला नको. एखाद्या आयनाची ये-जा कोणत्या व्होल्टेजला समतोल होते ते सांगणारं नेर्न्स्टचं समीकरण काढ, ३७ अंश सेल्सिअसला ६१.५ मिलिव्होल्ट गुणिले बाहेर-भागिले-आत प्रमाणाचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम. पोटॅशियम बाहेर ४, आत १४० घे. उत्तर वजा ९५ च्या आसपास येईल. सोडियम बाहेर १४५, आत १२ घेतलंस तर अधिक ६७ च्या आसपास. प्रत्यक्षात मज्जापेशी शांत असताना वजा ७० च्या जवळ असते, दोन्हींच्या मध्ये पण पोटॅशियमच्या बाजूला झुकलेली. ती तिथेच का थांबते, हे आधी स्वतः शोध आणि मग अनेक आयनांचा एकत्र हिशोब मांडणारं गोल्डमन यांचं समीकरण उघड. पुढच्या पत्रात तुझं उत्तर पाठव, चुकलेलं असलं तरी चालेल. त्यावरून कोणता अभ्यासक्रम सुचवायचा ते मला जास्त नेमकं सांगता येईल.