जळगावकडच्या आठवी-नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवताना फॅशन आणि ताज्या बातम्या कशा वापराव्यात?

बातमी ८०-१०० शब्दांची घ्या आणि मुलांना मराठीतून आधीच ठाऊक असलेली निवडा: सोन्याचा भाव, रावेर-यावलची केळी, तापीचा पूर. संदर्भ माहीत असला की अनोळखी शब्दांचा अंदाज लागतो. नवे शब्द ६-७ पुरे. त्याहून जास्त झाले की तास शब्दार्थ लिहिण्यातच जातो.

खरी मेख मथळ्यात असते. 'गोल्ड हिट्स रेकॉर्ड हाय' यात घडून गेलेली गोष्ट साध्या वर्तमानकाळात आहे, 'अ' गायब आहे. 'मिनिस्टर टू व्हिजिट धुळे' म्हणजे मंत्री येणार आहेत. हे आधी सांगितलं नाही, तर पोरं निबंधातही तसंच लिहितात. म्हणून मथळा फळ्यावर लिहून पूर्ण वाक्य करून घ्या: 'गोल्ड हॅज हिट अ रेकॉर्ड हाय.' हे रोज ५ मिनिटं केलं तरी काळ पक्के होतात.

फॅशनसाठी वर्तमानपत्राच्या पुरवणीतला फोटो बास. जोडीतल्या एकाने वर्णन करायचं, दुसऱ्याने न बघता चित्र काढायचं. विशेषणांचा क्रम आकार, रंग, कापड असा: 'अ लाँग रेड कॉटन कुर्ता'. 'साडी घातली आहे' वरून मुलं 'शी हॅज वोर सारी' म्हणतात. तिथे 'शी इज वेअरिंग अ सारी' हवं. वर्णन कपड्यांचंच ठेवा, रंग-बांध्यावर गेलं की लगेच थांबवा. आणि महागडे ब्रँड नकोत, निम्मा वर्ग गप्प बसतो. लग्नसराईतले कपडे सगळ्यांना बोलतं करतात.