भिंतीआडचे पाहणारा नेमबाज

प्रश्न : ऑनलाइन नेमबाजीच्या खेळात काहींना भिंतीआडचा शत्रू आधीच कसा दिसतो आणि तक्रार करूनही त्यांच्यावर लगेच बंदी का येत नाही?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : शत्रू समोर येण्यापूर्वीच त्याचे स्थान सर्व्हर आपल्या संगणकाला कळवत असतो आणि फसवे सॉफ्टवेअर तीच माहिती मेमरीतून उचलून पडद्यावर रंगवते. म्हणूनच २०२० साली आलेल्या ‘व्हॅलोरंट’मध्ये शत्रू नजरेच्या टप्प्यात येऊ लागेपर्यंत सर्व्हर त्याचे स्थान शक्यतो पाठवतच नाही, मुळावरचा हा उपाय मला अधिक पटतो. त्याच खेळाचा ‘व्हॅनगार्ड’ हा फसवणूक पकडणारा प्रोग्रॅम मात्र संगणक सुरू होताच थेट ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात ठाण मांडतो, आणि रखवालदाराच्या हाती तिजोरीचीही किल्ली देण्यासारखे हे अनेकांना खटकते. बंदी पुष्कळदा मुद्दाम उशिरा, एकगठ्ठा घातली जाते, कारण लगेच कारवाई केल्यास नेमके कशावरून पकडले हे फसवे सॉफ्टवेअर विकणाऱ्याला उमगते.