स्मार्टवॉचवर कॉल येतात, पण मेसेज येत नाहीत. काय करावं?

कॉल वाजतोय म्हणजे ब्लूटूथ बहुधा ठीक आहे, त्यामुळे घड्याळ रीसेट करायची घाई करू नका. अँड्रॉइडवर बहुतेकदा अडतं ते परवानगीपाशी. सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस’ शोधा. घड्याळाच्या अ‍ॅपसमोरचं बटण चालू दिसलं तरी एकदा बंद करून पुन्हा चालू करा. अपडेटनंतर ते नुसतं चालू दिसतं आणि काम करत नाही, हे माझ्या फोनवर दोनदा झालंय. मग त्या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर फोन त्याला झोपवतो आणि मेसेज उशिरा, एकदम धडाधड येतात.

अ‍ॅपल वॉच असेल तर आयफोन अनलॉक असताना मेसेज फोनवरच दिसतो; तो बिघाड नाही. तपासताना फोन लॉक ठेवा आणि कुणालातरी मेसेज पाठवायला सांगा.