“आजीला मराठीत सांग ना!”

ताई, मी साताऱ्याची, नवरा मैसूरचा, कन्नड. आम्ही बेंगळुरूला असतो. आमची ओळख इंग्रजीतून झाली आणि संसारही इंग्रजीतच चाललाय. मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. आधी मी त्याच्याशी मराठीतच बोलायचे. दोन वर्षांचा झाला तेव्हा तो “मला नीरु बेकु” असं अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलायला लागला. प्लेस्कूलच्या बाई म्हणाल्या, मूल गोंधळतंय, घरात एकच भाषा ठेवा. आम्ही इंग्रजी ठेवली. आता मराठी त्याला कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या आईने विचारलं, “काय खाल्लंस बाळा?” मी सारखी म्हणत राहिले, “आजीला मराठीत सांग ना.” तो टेबलाखाली जाऊन बसला. आईने पदराने डोळे पुसलेले मला दिसले. उशीर झालाय का? आता पुन्हा मराठी सुरू केलं तर तो आणखी गोंधळेल का?

— एक आई, बेंगळुरू

प्रिय मुली,

उशीर झालेला नाही. त्याला मराठी कळतंय, म्हणजे निम्म्याहून जास्त काम तू आधीच केलं आहेस.

आधी ते “मला नीरु बेकु” बघू. तहान लागलेली असताना जो शब्द आधी हाताशी आला तो त्याने घेतला, पण बसवला कसा ते बघ. मराठीत “मला पाणी हवं”, कन्नडमध्ये “ननगे नीरु बेकु”. दोन्हीकडे वाक्याची घडण तीच. त्याने एका भाषेतला तुकडा दुसरीत नेमका त्याच जागी ठेवला. दोन भाषांत वाढणारी मुलं अशी सरमिसळ करतातच आणि मोठी होता होता कुणाशी काय बोलायचं ते त्यांना उमगतं. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलायला लागत नाही. मूल कुठल्याच भाषेत बोलत नसेल, तर मात्र भाषेला दोष न देता आधी कान तपासून घ्यावेत. तुझ्या लेकाचं तसं काही नाही. बाईंचा हेतू चांगला असेल, पण सल्ला चुकला.

माझं बालपण बेळगावात गेलं. घरात मराठी, दारातल्या भाजीवालीशी कानडी. ते आम्हाला कुणी बसून शिकवलं नाही. ती मराठी बोलायची नाही आणि आम्हाला तिच्याकडची चिंच हवी असायची, एवढंच. तुझ्या घरात मात्र मराठीवाचून त्याचं काहीच अडत नाही. इंग्रजीत मागितलं तरी सगळं मिळतं, मग त्याने मराठीत का मागावं?

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्युल रोंझा यांनी १९१३ मध्ये आपल्या मुलाची हकीकत छापली. वडील फ्रेंच बोलायचे, आई जर्मन, आणि मुलगा दोन्ही बोलायला शिकला. तेव्हापासून “एक पालक, एक भाषा” हा मंत्र झाला. पण बेल्जियममध्ये आनिक डे हाउवर यांनी सुमारे १९०० दुभाषिक कुटुंबांची माहिती गोळा केली. २००७ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात जवळपास चौथ्या हिश्श्याची मुलं घरातली दुसरी भाषा बोलतच नव्हती. आईवडील दोघंही घरात बाहेरची भाषा वापरत आणि त्यातला एकच जण दुसरी, तिथे तर सुमारे एक तृतीयांशच मुलं ती बोलत. तुमची बाहेरची भाषा इंग्रजी. ती त्याला शाळेतून, लिफ्टमधून, टीव्हीवरून मिळणारच आहे. म्हणून तू त्याच्याशी मराठी बोल आणि बाबाने कन्नड. हे मी आग्रहाने सांगते. फक्त मराठी जपून कन्नड सोडलंत, तर मैसूरच्या अज्जीच्या डोळ्यांत पाणी येईल. तुम्ही दोघं आपसात इंग्रजी बोला, हरकत नाही.

“मराठीत सांग” हे वाक्य मात्र कायमचं बंद कर. चार माणसांसमोर असं म्हटलं की ती परीक्षा होते, आणि परीक्षेत मूल टेबलाखालीच जातं. तो इंग्रजीत म्हणाला की बॉल गेला, तर तू म्हण, “हो रे, चेंडू गेला कॉटखाली! काढायचा कसा?” त्याला परत म्हणायला लावू नकोस, गोष्ट पुढे ने. आंघोळ मराठीची ठरव. हा पहिला मग, हा दुसरा, आता डोळे मीट, साबण आला. रोज तेच शब्द, तेही अंगावर पाणी पडताना. वरणभातावर तूप वाढशील तेव्हा बाबाला “तुप्प” म्हणू दे. दोन्ही शब्द भाऊभाऊ आहेत, ऐकून तो हसेल.

मराठी गाण्यांचे व्हिडिओ लावून भागेल, असं समजू नकोस. पॅट्रिशिया कूल यांनी सिएटलमध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून बाळांनी त्या भाषेतले आवाज टिपले. तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं, तेव्हा काहीच टिपलं नाही. तुझी आई पडद्यावर असली तरी ती टीव्ही नव्हे, कारण तो हसला की ती हसते. फक्त तिला प्रश्न विचारायचं काम देऊ नकोस.

येत्या रविवारी आईला सांग, मटार सोलायला घेऊनच फोनवर बस. तुझ्या लेकालाही वाटीत चार शेंगा दे. आजी म्हणेल, “अगं बाई, माझ्या शेंगेत सातच दाणे! तुझ्यात किती?” तो इंग्रजीत आकडा सांगेल, सांगू दे. आजी तोच आकडा मराठीत मोजून दाखवेल. आणि फोन त्याच्या तोंडासमोर धरू नकोस, वाटीकडे वळव.

— तुझी ताई